कोल्हापूर पायी: यावेळी नकाशा बाजूला, तालमींच्या मागे

मागच्या अपडेटमध्ये म्हटलं होतं ना की आता प्रत्येक शहरात एकच धागा धरून चालायचं, यादीतली ठिकाणं टिकमार्क करत बसायचं नाही, तर कोल्हापूरला धागा धरला तालमींचा, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यांचा. अंबाबाईचं दर्शन झालं, भवानी मंडपही ओझरता पाहिला, पण खरं चालणं सुरू झालं गंगावेशीतून, तेही उजाडायच्या आत. तिथल्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या केलेल्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात, पैलवान पितात, चालून आलेले आजोबा पितात, आपणही प्यायचं (पोट नाजूक असेल तर जपून, ते दूध कच्चंच असतं).

गंगावेस तालीम जवळच. दारात थांबून विचारलं तर "या की, चपला बाहेर काढा" एवढंच. आत लाल मातीचा हौदा, त्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबू घालून ती मुरवतात, त्यामुळे वास वेगळाच येतो. जोर-बैठका चालू असताना फोटोसाठी मधे घुसू नका, वस्तादांना आधी विचारा, एवढं पाळलं की कुणी काही म्हणत नाही. तिथून शुक्रवार पेठेतून पंचगंगा घाट आलाच, तासभर आरामात जातो.

दुपारी शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ. माझ्या मते कोल्हापूर कळायचं असेल तर या दोन पेठांत निवांत भटकावं, कारण इथे तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही, गणपती तिचा, भांडणं मिटवायची तिथेच, आणि फुटबॉलची टीमसुद्धा तालमीचीच! पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, नावं ऐकून वाटेल कुस्तीचं मैदान लागलंय, पण हे सगळे शाहू स्टेडियमवर बॉल खेळणारे. चहाच्या टपरीवर "यंदा कोण?" एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं, पुढचा अर्धा तास कसा जातो कळत नाही. फक्त आपण कुठल्या टीमचे हे सांगू नका भावांनो.

शेवटी खासबाग, कुस्तीचं मैदान. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले तेव्हा रोमचं कलोसियम बघून त्यांच्या डोक्यात हे आलं, १९१२ ला मैदान तयार झालं. हौदा मधोमध आणि बसायची जागा मागे मागे चढत गेलेली, त्यामुळे शेवटच्या माणसालाही डाव दिसतो. रिकामं असतानाही एकदा वरच्या टोकाला चढून बघाच. मागची खाऊगल्ली ठीक आहे, पण भेळ राजाभाऊंचीच का यावर मी वाद घालणार नाही.

पुढचा धागा मिरज, सतारमेकर गल्ली. भोपळ्यापासून तंबोरा कसा होतो ते कारागिराशेजारी बसून बघायचंय. तिथे सकाळी साधारण किती वाजता काम सुरू होतं, कुणी जाऊन आलं असेल तर सांगा, त्यावर पॅसेंजर कुठली पकडायची ते ठरवतो.