एक किलो म्हणजे एक लिटर

ताईची वही आता माझ्याकडे असते. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. तारीख, डायलिसिसच्या आधीचं वजन, नंतरचं वजन आणि बीपी असे चार रकाने तिने पट्टीने आखले होते. कडेला थोडी जागा सोडली होती, 'पाय सुजले', 'आज उलटी', 'पोटॅशियम 5.8' असलं काही लिहायला. मंगळवार, गुरुवार, शनिवार. साडेतीन वर्षांत एक पुराचा आठवडा सोडला, तर तिची ओळ कधी चुकली नाही. शेवटची ओळ 8 फेब्रुवारी 2025ची. पुढची अर्धी वही कोरी राहिली.

जूनपासून त्या कोऱ्या पानांवर मी लिहिते आहे. रकाने तेच ठेवलेत, फक्त बीपीच्या जागी किलोमीटर.

मी 46 वर्षांची, शाळेत गणित शिकवते, दांडिया बाजारात राहते. बाबा जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांब शिकलेले, त्यामुळे सुट्टीत आम्हा दोघींना तिथे धाडायचे. ताई दोरीवर सरसर चढायची आणि मी खाली तिच्या चपला सांभाळत उभी राहायची. घरात कोणी धावायचंच होतं तर ती धावली असती. यंदा आपल्या बडोद्याच्या मॅरेथॉनमध्ये मी हाफ, म्हणजे 21.1 किलोमीटर, धावणार आहे. डायलिसिसच्या रुग्णांचा औषधांचा आणि येण्याजाण्याचा खर्च उचलणाऱ्या एका संस्थेसाठी त्यातून पैसे जमवते आहे.

ताईच्या किडन्या बीपीने गेल्या. 38व्या वर्षी गोळी सुरू झाली होती. वर्षभराने 'आता बरं वाटतंय' म्हणून तिने ती बंद केली आणि आम्ही कोणी तिला अडवलं नाही. बीपी दुखत नाही, किडनीही दुखत नाही. बरंचसं काम बंद पडेपर्यंत माणूस स्वयंपाक करतो, लग्नांना जातो, गरब्यात नाचतो. घरात कोणाला बीपी किंवा मधुमेह असेल तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू देऊ नका. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांना मी हे पालकसभेतसुद्धा सांगते.

डायलिसिस म्हटलं की लोकांना सुया आठवतात. सुया जाड असतात हे खरं. हातातली शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात, तिथे बोट ठेवलं की आत भुंगा गुणगुणल्यासारखं लागतं. ताई रोज झोपताना तिथे हात ठेवून 'चालू आहे ना' बघायची. त्या हातात तिने पुन्हा बांगडी घातली नाही. पण सुयांबद्दल ती कधी तक्रार करायची नाही. तिला छळलं ते तहानेने.

लघवी जवळपास बंद झाली की प्यायलेलं पाणी अंगातच राहतं, पुढच्या डायलिसिसपर्यंत. पायात साठतं, मग फुप्फुसात. म्हणून तिला दिवसाला 900 मिलिलिटर ठरवून दिलं होतं. तिच्याकडे आईचं एक स्टीलचं फुलपात्र होतं, ते तिने मापाच्या कपाने मोजलं तेव्हा बरोबर दीडशे भरलं. दिवसाला सहा फुलपात्रं. चहा त्यातलाच, ताक त्यातलंच, आमटीचं पाणीही त्यातलंच. मे महिन्यात पारा 42वर गेला तरी सहाच. बर्फाचा एक खडा तोंडात धरून ती दुपार काढायची. शहाळं तर पोटॅशियममुळे बंदच होतं, कारण बिघडलेल्या किडन्या ते बाहेर टाकत नाहीत, आणि केळं, टोमॅटोही.

डायलिसिसला गेल्यावर आधी वजनकाटा. तिचं ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, 52.5. काट्यावर 54.7 दिसलं की 2.2 किलो जास्त, म्हणजे 2.2 लिटर पाणी चार तासांत काढायचं. एक किलो म्हणजे एक लिटर. हे गणित तिने मला शिकवलं. मी मात्र ते मुलांना वर्षानुवर्षं भांड्यांच्या उदाहरणाने शिकवत होते.

ऑगस्ट 2024चा पूर बडोद्यात कोणी विसरणार नाही. ताईचं घर समाला, विश्वामित्री नदीच्या पलीकडे, आणि तिचं डायलिसिस गावाच्या या बाजूला. शनिवारी 24 तारखेला ती मशीनवरून उठली. सोमवारी जन्माष्टमी, पाऊस थांबेना. धोक्याची पातळी 25 फूट असलेली नदी 35 फुटांच्या वर गेली आणि पूल बंद झाले. मंगळवारचं डायलिसिस बुडलं. गुरुवारचंही. वीज नाही, तळमजल्यात पाणी, भावोजी आणि भाचा तिला घेऊन वरच्या मजल्यावर. भाचा दिवसातून एकदाच फोन चालू करायचा, बॅटरी टिकावी म्हणून. "मावशी, आईने आज तीनच फुलपात्रं घेतली. आडवं झालं की दम लागतो, उशांना टेकून बसली आहे." तिने खिडकीतून सगळीकडे पसरलेलं पाणी बघत ओठ ओल्या रुमालाने पुसले, हे मला नंतर कळलं. शुक्रवारी ट्रॅक्टरवर बसवून तिला बाहेर काढलं. काट्यावर 56.9. एकाच वेळी सगळं पाणी काढणं हृदयाला झेपत नाही, म्हणून त्या दिवशी तीन किलो काढलं आणि उरलेलं शनिवारी. त्या आठवड्याची पानं तिने रिकामी सोडली आहेत. आकडे मला पाठ आहेत, पण मीही ती भरलेली नाहीत.

त्यातून ती उठली. हृदय मात्र थकत गेलं आणि फेब्रुवारीत थांबलं.

धावायला लागले तेव्हा एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल असं चालायचं. भल्या पहाटे सूरसागरावरून रावपुरा, कोठी, पूल ओलांडून काळा घोडा, मग कमाटीबागेत एक फेरी. बागेतल्या रोजच्या मंडळींनी पुष्कळ शिकवलं: बोलता येईल इतक्याच वेगाने धावा, आठवड्याचं अंतर हळूहळू वाढवा, लांब पल्ला फक्त रविवारी. सप्टेंबरमध्ये मी दहा किलोमीटर न थांबता धावले आणि पुलाच्या कठड्याशी उभी राहून रडले.

नंतर मी एक चूक केली. रविवारी पाणी न पिता धावायचं ठरवलं. कोणाला सांगितलं नव्हतं. ताईने साडेतीन वर्षं काढली, मला दोन तास निघत नाहीत का, असं मनात होतं. ऑक्टोबरच्या उन्हात चौदा किलोमीटरपैकी बारावा चालू असताना फतेगंजला पोटऱ्या आखडल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. एका दुकानाच्या ओटल्यावर बसले आणि भाच्याला फोन केला. तो स्कूटरवर आला आणि मला घरी नेऊन आधी काट्यावर उभं केलं. निघताना 61.4 होते, आता 59.6. "1.8 लिटर," तो म्हणाला. मग वही उघडून बराच वेळ आईचं अक्षर बघत राहिला. "मावशी, आईला कोणी पाणी दिलं असतं तर ती प्यायली असती. तिला पिऊ नको असं सांगणारा मीच होतो रोज. आता तुलाही मीच सांगू?"

त्याच्यावर या वयात काय ओझं होतं ते मला तोवर दिसलं नव्हतं. मी एकटीच तहान धरून बसले होते.

आता आम्ही हिशोब दोघं मिळून करतो. धावण्याआधीचं वजन, नंतरचं वजन, मध्ये किती प्यायले ते मिळवायचं, की किती घाम गेला ते कळतं. गेला तेवढा सगळा रस्त्यातच भरून काढायचा नसतो. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही धोक्याचं. वजन धावल्यावर वाढलेलं दिसलं तर जास्त झालं म्हणून समजायचं. म्हणून लिंबू, मीठ, थोडी साखर घातलेलं पाणी, तहान लागेल तसं, घोट घोट.

पैसे जमताहेत, आतापर्यंत 41,300. ताईच्या शेजारच्या पलंगावर पादऱ्याचे एक काका असायचे, अजूनही आठवड्यातून तीनदा बसने येतात. त्यांनी मला थांबवून दोनशे रुपये हातात ठेवले, "बेन, आ मारा तरफथी." त्यांना औषधं पुरत नाहीत हे मला ठाऊक होतं. घ्यावेत की नाही कळेना, पण त्यांचा चेहरा बघून घेतले. यादीत त्यांचं नाव सर्वांत वर आहे.

परवाच्या रविवारी अठरा किलोमीटर झाले. थंडी पडली आहे, विश्वामित्रीवर धुकं होतं. भाचा काळ्या घोड्याजवळ स्कूटर लावून उभा होता, पिशवीत पाण्याची बाटली आणि आजीचं ते फुलपात्र. त्याने भरून दिलं, मी प्यायले. परत भरलं. चौथ्यानंतर मी पुरे म्हटलं, त्याने पाचवं अर्धं ओतलं आणि उरलेलं स्वतः प्यायला. मग स्कूटरच्या सीटवर वही ठेवून त्याने कडेच्या जागेत लिहिलं, 'साडेचार'.