ट्रॅक्टरचं इंजिन बांधायचं ठरवण्याआधी

दादर (रब्बी ज्वारी) आणि हरभरा घरात आला की खान्देशात जुन्या ट्रॅक्टरांची इंजिनं नव्याने बांधायला खोलली जातात. हातात दिवस थोडे असतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुढेमागे नांगरट, मग वखरणी, आणि बागायती कापूस लावणाऱ्याला तर मे संपता संपता ट्रॅक्टर शेतात लागतोच. या घाईत "धूर मारतोय, इंजिन करून टाकू" एवढ्यावर निर्णय होतो. लायनर (पिस्टन ज्या नळीत चालतो ती), पिस्टन आणि रिंगांचं किट येतं, बसतं, आणि दोन हंगामांत ट्रॅक्टर परत तसाच धूर मारू लागतो. काय झिजलं आणि कशामुळे झिजलं, हे कुणी शोधलेलंच नसतं. ते कळल्याशिवाय मिस्त्रीला हो म्हणू नका.

धुरापासून सुरुवात करा, पण धुरावर थांबू नका. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर क्लीनर, नोझल, डिझेल पंप बघा. त्यासाठी इंजिन खोलायची गरज नाही. सकाळी थोडा वेळ पांढरा धूर आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असेल तर नोझल टिपकतंय किंवा कंप्रेशन कमी आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर चालू आणि रेडिएटरचं पाणी उतरतंय, तर हेडचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय किंवा हेडला तडा आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इथेच जास्त फसगत होते, कारण ऑइल व्हॉल्व गाईडमधूनही, म्हणजे व्हॉल्वची दांडी ज्या नळीत सरकते तिथूनही, उतरतं. पाच-दहा मिनिटं आयडलला ठेवून एकदम रेस द्या. निळा लोट आला आणि लगेच साफ झालं तर संशय गाईडवर. तेवढं असेल तर हेडचं काम करून भागतं. नांगराच्या लोडवर सतत निळा धूर असेल तर रिंगा आणि लायनर.

मग इंजिन तापलेलं असताना ऑइल भरायचं झाकण काढून भोकावर नुसतं उलटं ठेवा. चांगल्या इंजिनात झाकण किंचित थरथरतं. झाकण थडथडत उडून पडलं आणि भोकातून धुराचे ठोके येत असतील तर कंप्रेशन खालच्या चेंबरमध्ये (ऑइल साठतं त्या तळभागात) उतरतंय, म्हणजे इंजिन बॅक मारतंय. पण आधी ब्रीदरची (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारी) नळी चिखलाने बुजलेली नाही ना, हे बघून घ्या.

पक्कं उत्तर कंप्रेशन गेजच देतं. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, सगळी नोझलं काढलेली, डिझेल बंद. एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर मारायचा. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टर इंजिनांत साधारण २५ ते ३० किलो कंप्रेशन चांगलं समजावं. २० च्या खाली गेलं की सकाळी धक्का मारायची वेळ येते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकातून घ्या. आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. दोन सिलिंडर २६ आणि एक १८ दाखवत असेल तर सरसकट झीज नाही. तिथे व्हॉल्व जळालाय, रिंग तुटलीय किंवा पॅकिंग गेलंय. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा ऑइल टाकून परत गेज लावा. आकडा चांगला वाढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व किंवा पॅकिंग. एका चमच्यापेक्षा जास्त टाकू नका. डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर जागा फार थोडी असते. ऑइल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑइल प्रेशरचं वेगळं. थंड इंजिनात सगळीच प्रेशर छान दाखवतात. तासभर लोडवर चालवून आयडलला काटा कुठे बसतो ते बघा. तिथे काटा शून्याकडे झुकत असेल तर क्रँकची (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याची) मेन आणि बिग एंड बेअरिंगं किंवा ऑइल पंप गेलाय, आणि काम नुसत्या लायनर-पिस्टनवर भागणार नाही.

आता कशामुळे झिजलं. आपल्या काळ्या मातीत, उन्हाळ्यात रोटाव्हेटर किंवा थ्रेशर चालवताना इंजिन धुळीतच श्वास घेतं. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डकडे जाणारा रबरी पाइप सोडवा आणि आतल्या बाजूने बोट फिरवा. बोट स्वच्छ किंवा जरा तेलकट निघालं पाहिजे. बोटाला पिठासारखी धूळ लागली तर इंजिन कुणी मारलं ते सापडलं. बहुतेक वेळा पाइपच्या खालच्या अंगाला, क्लिपाजवळ, बारीक चीर असते. वरून दिसत नाही, पाइप वाकवला की उघडते. किंवा ऑइल बाथच्या (एअर क्लीनरमध्ये धूळ धरणाऱ्या ऑइलच्या) वाटीत खूणेइतकं ऑइल नसतं आणि तळाशी बोटभर गाळ असतो. नवं किट बसवून हा स्वस्तातला पाइप जुनाच ठेवला तर पैसे मातीत गेले.

दुसरं कारण पाणी. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये क्षार धरतं, वेट लायनरला (ज्याच्या बाहेरून पाणी फिरतं) बाहेरून खड्डे पाडतं आणि शेवटी आरपार भोक पाडतं. रात्रभर ट्रॅक्टर उभा ठेवा, सकाळी चालू न करता चेंबरचा नट हळूच ढिला करा. ऑइलच्या आधी पाणी टिपकलं तर लायनर, खालचे ओ-रिंग किंवा हेड. हेड उतरवण्याआधी चेंबर काढा, रेडिएटर भरलेला ठेवा आणि खालून टॉर्च मारून बघा, थेंब कोणत्या लायनरच्या बुडाशी जमतोय ते दिसतं. आधीच पाणी सोडून दिलं तर ही संधी जाते.

हेड उतरल्यावर लायनरच्या वरच्या टोकाशी नख फिरवा. वरची रिंग जिथे थांबते तिथे कडा तयार झालेली असते. नख अडकून थांबलं तर लायनर गेला. मग कितीही स्वस्त पडलं तरी नुसत्या रिंगा टाकू नका. नवी रिंग त्या कडेला आपटून तुटते, आणि लंबगोल झालेल्या लायनरला गोल रिंग बसतच नाही. हाफ इंजिन (क्रँक न काढता केलेलं वरचं काम) करून वाचवलेले पैसे बहुतेक इथेच बुडतात. १०० मिलिमीटरच्या बोअरला झीज ०.२० मिलिमीटरच्या पुढे गेली की लायनर-पिस्टन बदलायचा, हा माझा हिशोब.

सगळ्यात महागडा प्रश्न क्रँकचा. बिग एंड बेअरिंगची वाटी काढून पाठीमागचा शिक्का वाचा; क्रँक आधी किती थाऊ (इंचाचा हजारावा भाग) घासलाय ते तो सांगतो. स्टँडर्ड (न घासलेला) किंवा १० असेल तर अजून घासायला जागा आहे. ३० असेल तर बहुतेक इंजिनांत क्रँक शेवटच्या घासणीवर आलाय; नवा क्रँक धरूनच हिशोब करा. जर्नल (बेअरिंग बसते ती क्रँकची गोल जागा) मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. दोन थाऊपेक्षा जास्त फरक असेल तर लेथवर द्यावाच लागतो. लेथवाल्याला आधीच सांगा, जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई तशीच राहिली पाहिजे. तिथे धारदार कोपरा पडला तर क्रँक तिथूनच तुटतो.

ब्लॉकला तडा, क्रँक संपलेला, वर गिअर सुटतोय आणि लिफ्ट लोड धरत नाही, असं असेल तर इंजिन बांधू नये. एचएमटीसारख्या कारखाना बंद झालेल्या मॉडेलचे पार्ट आधी दुकानात हातात घेऊन मगच इंजिन खोला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे नव्याच्या किमतीशी तुलना करताना जुनं कोटेशन धरू नका. नोंदणीची १५ वर्षं झाली असतील तर नूतनीकरणाचा खर्चही मांडा. पण गिअरबॉक्स, लिफ्ट धडधाकट असेल आणि घरच्या शेतीत ट्रॅक्टर वर्षाला दीड-दोनशे तासच चालत असेल, तर नीट बांधलेलं इंजिन अनेक वर्षं पुरतं. माझं मत तिथे फुल इंजिनच्याच (क्रँकसकट पूर्ण बांधणीच्या) बाजूने आहे. भाड्याने रोज चालणाऱ्या ट्रॅक्टरला तेवढी वर्षं मिळत नाहीत, शिवाय ऐन हंगामात उभा राहिला तर रोजचं भाडं बुडतं. तोही आकडा हिशोबात घ्या.

फुल इंजिनसाठी ट्रॅक्टर मधून फोडावाच लागतो, म्हणून क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील त्याच वेळी बघा. नोझल-पंप टेस्टिंगला पाठवा. ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे प्लग काढून ब्रश फिरवून धुवा. घासणीचा कीस तिथे राहिला तर नवी बेअरिंगं पहिल्याच दिवशी खरडतात. प्रत्येक रिंग लायनरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून फिलर गेजने गॅप मोजा, १०० मिलिमीटरच्या बोअरला साधारण ०.३० ते ०.४५ मिलिमीटर. उन्हाळी वाऱ्यात उघड्यावर इंजिन बांधू नका. चहाला उठतानाही ब्लॉकवर धुतलेलं कापड टाका.

चालू झाल्यावर तासन्‌तास आयडलला ठेवायची पद्धत चुकीची आहे. लोड नसला तर रिंगा बसत नाहीत, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि इंजिन कायमचं ऑइल खाऊ लागतं. पाणी-ऑइल कुठे गळत नाही बघून हलक्या कामाला जुंपा: रिकामी ट्रॉली, मग वखर. लोड कमी-जास्त होऊ द्या, नांगर लगेच नको. ५० तासांना ऑइल आणि फिल्टर बदला, हेडचे नट कंपनीने सांगितलं असेल तर मधून बाहेर या क्रमाने परत ताणा, टॅपेट (व्हॉल्वची गॅप) लावा. उतरवलेलं ऑइल पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात बघा. सुरुवातीची बारीक चमक चालते, नखाला लागणारे कण दिसले तर त्याच दिवशी चेंबर उतरवा.