छडी गेली, तिच्या जागी काय आले?

ऑरेगॉनमधील ज्या प्राथमिक शाळेत मी साहाय्यक शिक्षिका म्हणून काम करते, तिथे दर महिन्याला मुलांच्या वागण्याविषयी एक बैठक होते. तिला पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटले होते, की द्वाड मुलांची यादी वाचली जाईल, एकेकाच्या घरच्या परिस्थितीची चर्चा होईल आणि शेवटी कोणाच्या पालकांना बोलावून घ्यायचे ते ठरेल. गोव्याच्या फोंडा तालुक्यातील मराठी शाळेत शिकवत असताना अशा बैठका मी पुष्कळ पाहिल्या होत्या. इथे मात्र पडद्यावर एक आलेख आला आणि त्यात एकाही मुलाचे नाव नव्हते. ढकलाढकली, मारामारी, उलट उत्तरे, वस्तूंची मोडतोड हे सारे शाळेच्या कोणत्या जागी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी घडले, एवढेच त्यात मांडलेले होते. सर्वांत उंच रेघ होती कॅफेटेरियातून मैदानाकडे जाणाऱ्या व्हरांड्याची. मुख्याध्यापिकांनी विचारले, "या जागी कसे वागायचे ते आपण मुलांना शिकवले आहे का?" त्यानंतरची सगळी चर्चा त्या व्हरांड्याभोवती फिरली. दोन इयत्ता एकाच वेळी समोरासमोर येतात, दाराशी मोठे माणूस कोणी नसते, रांग कुठे थांबवायची याची जमिनीवर खूण नाही, असे एकेक निघत गेले. मग एका इयत्तेची वेळ थोडी पुढे सरकवण्यात आली, दाराशी एक शिक्षक उभा राहू लागला आणि प्रत्येक वर्गाला त्या व्हरांड्यातून चालण्याचा पाठ पुन्हा देण्यात आला. पुढच्या बैठकीत ती रेघ बरीच खाली आलेली होती, आणि त्यासाठी कोणालाही शिक्षा करावी लागली नव्हती.

या पद्धतीचे पूर्ण नाव 'पॉझिटिव्ह बिहेवियरल इंटरव्हेन्शन्स अँड सपोर्ट्स' असे आहे. शाळेत सगळे नुसते 'पीबीआयएस' म्हणतात. १९९७ मध्ये अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा हे शब्द कायद्यात आले. त्यानंतर संघराज्याच्या शिक्षण खात्याच्या निधीतून एक राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि ऑरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज सुगाई व रॉब हॉर्नर यांनी त्याचे काम पुढे नेले. विचाराची सुरुवात अपंगत्व किंवा वर्तनाच्या तीव्र अडचणी असलेल्या मुलांपासून झाली होती. अशा एका मुलासाठी कितीही चांगली योजना आखली, तरी भोवतालच्या शाळेतच गोंधळ असेल तर ती टिकत नाही, हे ध्यानात आल्यावर सगळी शाळाच सुधारायला घेण्यात आली. आज या देशातील २५ हजारांहून अधिक शाळा ही पद्धत वापरतात.

तिचा पाया दिसायला फार साधा आहे. शाळा तीन ते पाच अपेक्षा ठरवते. आमच्याकडे त्या तीन आहेत: सुरक्षित राहा, आदराने वागा, जबाबदारीने वागा. आपल्याकडच्या परिपाठातही सुविचार असतो, तो फळ्यावर सुरेख अक्षरांत लिहिलेला असतो, आणि माझ्या मते तो या तीन वाक्यांपेक्षा अर्थाने अधिक समृद्ध असतो. पण आपला सुविचार दुसऱ्या दिवशी पुसला जातो, आणि इथली तीन वाक्ये वर्षभर तीच राहतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्याखाली एक मोठा तक्ता असतो. 'आदराने वागा' याचा स्वच्छतागृहात अर्थ काय, जेवणाच्या टेबलावर काय, मैदानावर काय, बसमध्ये काय, हे त्या तक्त्याच्या चौकटींत मुलाला कळेल अशा शब्दांत लिहिलेले असते. 'आवाज पातळी एक' म्हणजे शेजारच्यालाच ऐकू जाईल इतका आवाज, आणि शून्य म्हणजे पूर्ण शांतता. पहिलीतल्या मुलाला 'आदर' समजायला वेळ लागतो, पण 'दार बंद असेल तर आधी टकटक कर' हे त्याला त्याच दिवशी समजते.

मला सर्वांत अधिक भावले ते पुढचे, आणि त्याविषयी मी थोडे सविस्तर लिहिणार आहे. इथे शाळा उघडते ती गणेश चवथीच्या आसपास. तिकडे गोव्यात घरोघरी गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी रानफळे आणण्याची लगबग चाललेली असते आणि इथे आम्ही मुलांना घेऊन शाळेच्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जात असतो. पहिल्या आठवड्यांत गणित आणि वाचन यांच्याबरोबरीने वागण्याचेही तास असतात, आणि ते त्या त्या जागी जाऊन घेतले जातात. पाणी पिण्याच्या नळाशी आम्ही सगळा वर्ग उभा करतो. नळ फवारत, पुढच्याला कोपराने सारत, सांडलेल्या पाण्यातून पाय ओढत चुकीचे कसे वागतात ते शिक्षिका स्वतः करून दाखवते, तेव्हा मुले हसतात. मग ती योग्य रीतीने पाणी पिऊन दाखवते, आणि त्यानंतर प्रत्येक मूल ते करून पाहते. चुकीचा नमुना फक्त मोठ्यांनी करून दाखवायचा आणि मुलांच्या अंगवळणी पडेल तो फक्त बरोबर नमुनाच, हा नियम कटाक्षाने पाळला जातो. नाताळच्या सुट्टीनंतर मुले परत आली की हे सगळे पुन्हा होते, कारण सुट्टीत पाढे विसरतात तसेच वागणेही विसरले जाते, असे इथे गृहीत धरतात.

यात एक मोठी सूज्ञता आहे, असे मला शिक्षिका म्हणून वाटते. मुलाचे गणित चुकले तर आपण ते पुन्हा शिकवतो, वाचता आले नाही तर अक्षरापासून सुरुवात करतो, पण वागणे चुकले की ते त्याला आधीपासून येत होते आणि त्याने मुद्दाम बिघडवले, असे धरून चालतो. व्हरांड्यात पळणाऱ्या मुलाला इथे 'पळू नकोस' असे ओरडून सांगत नाहीत. 'इथे कसे चालायचे?' असे विचारतात, तो चालून दाखवतो, आणि ते पाहणारा शिक्षक लगेच त्याची नोंद घेऊन बोलतो. नुसते 'शाबास' म्हणून भागत नाही. 'तू दार धरून ठेवलेस म्हणून मागच्या मुलाला लागले नाही' असे नेमके सांगावे लागते. एकदा चूक दाखवली तर निदान चार वेळा चांगले दाखवावे, असे प्रमाण शिक्षकांपुढे ठेवलेले आहे. शिस्त लागते ती प्रथम मोठ्यांना. सफाई करणारे गृहस्थ, बसचालक, जेवण वाढणारी बाई आणि मुख्याध्यापिका या सगळ्यांनी त्याच शब्दांत बोलायचे असते, आणि शाळेतील ८० टक्के कर्मचाऱ्यांची संमती मिळाल्याशिवाय ही पद्धत सुरूच करू नये असे तिचे प्रवर्तक सांगतात.

हे वाचून अमेरिका पुढे आणि आपण मागे असा समज कोणी करून घेऊ नये. गोव्याने २००३ च्या बाल कायद्याने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. संपूर्ण देशासाठी ती बंदी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने आली, आणि त्या कलमात मानसिक छळही धरलेला आहे. अमेरिकेत मात्र १९७७ मध्ये फ्लोरिडातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की क्रूर शिक्षेविरुद्धचे घटनेचे संरक्षण शाळेतल्या माराला लागू होत नाही. मिसिसिपी, अलाबामा, टेक्सास अशा राज्यांत लाकडी फळीने मारण्याची शिक्षा आजही कायदेशीर आहे. निलंबनाची शिक्षा कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला त्यांच्या संख्येच्या मानाने फार अधिक येते, हे इथल्या शासनाचीच आकडेवारी वर्षानुवर्षे दाखवत आली आहे. इथे कोणी भारतातील शाळांविषयी मला शिकवू लागले, की मी हे सगळे सांगते आणि पुढेही सांगत राहीन.

परंतु आपल्याकडे कायद्याने मास्तरांच्या हातातली छडी काढून घेतली आणि तो हात रिकामाच ठेवला. छडीऐवजी काय करायचे हे प्रशिक्षणात कोणी नीट सांगितले नाही, आणि 'आता मुलांना काही म्हणायचीही सोय राहिली नाही' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत रोजचे झाले. मग छडीच्या जागी टोमणा आला, भावंडांशी तुलना आली, वर्गाबाहेर उभे करणे आले. वर्गाबाहेर उभे करण्याविषयी मी इथे जे शिकले, ते मला आधी कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते. प्रत्येक वागण्यामागे मुलाला काहीतरी मिळवायचे असते किंवा काहीतरी टाळायचे असते. म्हणून वागण्याच्या आधी काय घडले आणि नंतर काय घडले, हे लिहून काढायचे. भागाकार सुरू झाला की दंगा करणारा मुलगा भागाकारापासून पळत असेल, तर त्याला वर्गाबाहेर काढणे म्हणजे त्याला हवे तेच देणे होय. त्याला भागाकारात मदत मिळाली पाहिजे, आणि 'मला हे येत नाही' असे सांगण्याची एक सभ्य रीतही मिळाली पाहिजे.

सुमारे ८० टक्के मुलांना सर्वांसाठीचे शिकवणे पुरते, असा या पद्धतीचा ठोकताळा आहे. उरलेल्यांपैकी बहुतेकांना थोडा अधिक आधार लागतो आणि शेवटच्या पाच टक्क्यांसाठी स्वतंत्र योजना करावी लागते. मधल्या गटातील मुले सकाळी शाळेत आल्यावर ठरलेल्या एका मोठ्या माणसाला भेटतात आणि दिवसाचे कार्ड घेतात. प्रत्येक तासाला शिक्षक शून्य, एक किंवा दोन गुण देतात, बहुधा ८० टक्के गुणांचे ध्येय असते, आणि शाळा सुटताना ते कार्ड त्याच माणसाला दाखवून घरी सहीसाठी न्यायचे असते. गुण कमी पडले तरी संध्याकाळच्या त्या भेटीत रागवायचे नाही, उद्या काय करता येईल एवढेच बोलायचे. आमच्या शाळेतला एक मुलगा माझ्याकडे कार्ड आणतो. ज्या दिवशी गुण वाईट असतात, त्या दिवशी ते चार घड्या करून खिशात खुपसलेले असते. मी ते उलगडते, आणि ज्या तासाला दोन गुण मिळाले असतील तिथे प्रथम बोट ठेवते.

मला एक गोष्ट अजिबात पटत नाही, ती म्हणजे बक्षिसांची चिठ्ठी. चांगले वागलेल्या मुलाला रंगीत चिठ्ठी मिळते आणि चिठ्ठ्या साठल्या की शाळेच्या दुकानातून खोडरबर, स्टिकर किंवा प्लास्टिकचे खेळणे घेता येते. खाली पडलेली पेन्सिल उचलून देण्याआधी शिक्षक पाहतात का, अशी नजर टाकणारी मुले मी पाहिली आहेत, आणि ते पाहून मला वाईट वाटते. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी बालवाडीतल्या चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना बक्षिसाचे आश्वासन आधी दिले होते, त्यांची चित्रे काढण्याची ओढ नंतर कमी झाली. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले, त्यांची तशी झाली नाही. माझ्या सहकारी म्हणतात, की चिठ्ठी मुलासाठी कमी आणि शिक्षकासाठी अधिक आहे, कारण हातात चिठ्ठ्या असल्या की चांगले वागणे शोधण्याची आठवण राहते. त्यात तथ्य आहे. तरीही आपल्या गावात, जिथे मूल शेजाऱ्याच्या घरी देवाचा प्रसाद नेऊन देते आणि त्याबद्दल कोणी त्याला काही देत नाही, तिथे ही चिठ्ठी जाऊ नये असे माझे ठाम मत आहे. नेमक्या शब्दांतले कौतुक तेवढे जावे.

मुख्य अडचण माणसांची आहे, हे मी मान्य करते. आमच्या शाळेत समुपदेशक आहे, माझ्यासारख्या साहाय्यक आहेत आणि आलेख काढणारी संगणक प्रणाली आहे. गोव्यातील कित्येक मराठी प्राथमिक शाळांत एक किंवा दोन शिक्षक चारही इयत्ता सांभाळतात, मध्यान्ह आहाराच्या नोंदी ठेवतात आणि निवडणुकीची कामेही करतात. त्यांच्या शिस्तीला नावे ठेवणाऱ्यांनी चार इयत्ता एका खोलीत बसवून एक दिवस शिकवून पाहावे. आम्ही ज्या परिस्थितीत मुले घडवली, तिची बरोबरी इथल्या कोणत्याही शाळेशी होणार नाही.

डिचोली तालुक्यातील सरकारी मराठी शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने फोनवर हेच विचारले, की दोन शिक्षकांच्या शाळेत हे कसे जमायचे. मी तिला म्हटले, की सगळ्या मोठ्यांचे एकमत करणे हा या पद्धतीतला सर्वांत अवघड भाग, आणि तो तुमच्याकडे चहाच्या वेळेत होण्यासारखा आहे. सगळा तक्ता करू नका. पावसाळ्यात जिथे रोज भांडण होते ती एकच जागा घ्या. त्यांच्या शाळेत ती जागा म्हणजे ओल्या छत्र्या आणि चपला ठेवण्याचा व्हरांडा. छत्री मिटून कोपऱ्यात उभी करायची, चपला भिंतीकडे टाचा करून लावायच्या, आणि मोठ्या मुलांनी पहिलीच्या मुलांना आधी जागा द्यायची, एवढे तिघे मिळून ठरवणार आहेत. तिसरी व्यक्ती म्हणजे स्वयंसाहाय्य गटातर्फे पाव-भाजी वाढायला येणारी बाई, कारण जेवणाची रांगही त्याच व्हरांड्यात लागते. जूनमध्ये पहिल्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटे याचाच पाठ होईल, आणि भांडण झालेच तर वेळ, जागा आणि आधी काय घडले ते हजेरीपटाशेजारच्या वहीत लिहिले जाईल.