मार्गशीर्षातल्या गुरुवारी

मार्गशीर्ष लागला की मालवणच्या मासळी बाजारात गिऱ्हाईक रोडावतं. कुणाचे गुरुवार असतात, कुणी अख्खा महिना पाळतं. होड्या मात्र नेहमीसारख्याच भरून येतात. भाव पडतो, पाट्या उरतात आणि आमच्या वाडीतल्या मासे विकणाऱ्या बायका दुपारभर एकमेकींच्या पडवीत बसून वैतागतात. अशाच एका दुपारी त्यांनी ठरवलं, की बचत गटात थोडे पैसे पडून आहेत, तर एकदा ‘झिलाच्या त्या प्लास्टिकच्या होडयेत’ बसून बघायचं.

तो झिल, म्हणजे पोरगा, मी. तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत शिकलो आणि आता दांडीच्या किनाऱ्यावरून लोकांना कयाकमधून खडकांपर्यंत नेतो, तिथे मास्क लावून पाणी दाखवतो, परत आणतो. गिऱ्हाईक पुण्याचं, कोल्हापूरचं, बेळगावचं. वाडीतलं माणूस गिऱ्हाईक म्हणून कधी आलं नव्हतं. येणार कशाला? आमच्याकडे बाई समुद्राकाठी जन्म काढते, पण मासेमारीच्या होडीत चढत नाही. मासा किनाऱ्याला लागला की तिचं काम सुरू.

दरावरून काकीनं मला अर्धा तास पिळलं. काकी म्हणजे माझी सख्खी थोरली काकी, गटाची अध्यक्ष. “समुद्र आमचो आणि पैशे आमीच देवचे?” शेवटी ती जो आकडा म्हणाली तोच ठरला. इसवणीच्या तुकडीवर पुणेकराशी झालेल्या घासाघिशीत तिला हरलेलं मी कधी बघितलेलं नाही, मी कोण लागून गेलो.

दिवस मात्र मी निवडला. शुद्ध दशमी, गुरुवार. पाणी बघायचं असेल तर अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळावं लागतं. तेव्हा पाणी जोरात चढतं-उतरतं, तळाची रेती उठते आणि हातभर अंतरावरचं दिसत नाही. अष्टमीच्या पुढे भांगाचे दिवस, तेव्हा ओढ कमी आणि पाणी निवळ. त्यातही सकाळी भरती हवी, म्हणजे बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. मी मोबाईलवर कोष्टक बघत होतो, तर काकी म्हणाली, “दशमी ना? दाहा त्रिक तीस, चारान भागलास की साडेसात. साडेसाताक भरती.” तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा आमच्याकडचा जुना हिशोब. तो मुंबईच्या पाण्याशी जास्त जुळतो. मालवणला भरती थोडी आधी येते, म्हणून कोष्टकात आणि तिच्यात अर्ध्याएक तासाचा फरक पडला. काकीच्या मते कोष्टक चुकलेलं होतं.

सात वाजता सगळ्या किनाऱ्यावर हजर. अंगात मुलांचे टी-शर्ट, खाली लेगिंग किंवा सलवार. एक वयनी साडीवरच आली होती, तिला कसंबसं बदलायला लावलं. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मग माझं नेहमीचं भाषण. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या आजूबाजूचे बुडालेले खडक हे ३.१८ चौरस किलोमीटरचं गाभा क्षेत्र. खाली जे दगडासारखं दिसेल ते दगड नाही, प्रवाळ आहे, जिवंत आहे. लाखो बारके जीव एकत्र राहतात आणि चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं, त्यावर त्यांचं पोट चालतं. पाणी फार तापलं की ते शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं होतं. आपल्याकडचं गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं, तेव्हा त्यावर पाय ठेवायचा नाही. २००१ पासून सगळं कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्यात आहे, तुकडा उचलला तरी गुन्हा.

पुण्याचे लोक हे ऐकताना माना डोलावतात. इथे काकीनं मधेच तोडलं. “तुमी थंय लोकांका बोटी भरून न्हेतास ता चलता, आमचा एक जाळा पडला की गुन्हो?”

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नाही. घरी जेवताना तो रोज निघतो. काका गिलनेटवाले, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं जाळं लावणारे, मी पर्यटनवाला. अभयारण्याला इथल्या मच्छीमारांनी पहिल्यापासून विरोध केला, आणि त्यातला बराच राग समजण्यासारखा आहे. पाण्यावर काही रेघ मारलेली नसते. पिढ्यानपिढ्या जिथे जाळं टाकलं तिथे एक दिवस कागद सांगतो, की ही हद्द. त्यात गेल्या हंगामात काकांचं एक जाळं गेलं होतं. एका पर्यटन बोटीनं पंख्यात घेऊन कापलं आणि ओढून नेलं, असं काकांचं म्हणणं. जेटीवर मोठा तमाशा झाला. बोटवाल्याने हात वर केले. तेव्हापासून त्या घराशी आमचं बोलणं बंद, आणि माझ्याशी बोलताना काकांच्या तोंडी ‘तुमचे बोटवाले’. माझी एकही बोट नाही, साथीला मित्राची एक होडी असते तेवढीच.

वल्ह्यांचं शिकवायला मी वेळ राखून ठेवला होता, तो उरला. डोक्यावर बर्फासकट पाटी घेऊन चढ चढणाऱ्या बायका त्या, दोन-चार हात मारले आणि त्यांना गोम कळली. मतलई पाठीशी होती. मोरयाचा धोंडा डावीकडे ठेवून निघालो. १६६४ साली किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा शिवाजी महाराजांनी केली ती इथे. पर्यटकांना सांगताना मी तिथे थोडा थांबतो. बायकांनी बसल्या जागी हात जोडले आणि वल्ही पुन्हा पाण्यात.

खडकांशी पोचल्यावर होडी बाजूला धरून दोघी-दोघींना पाण्यात उतरवलं. मास्कची खरी अडचण डोळ्यांची नसते, नाकाची असते. आयुष्यभर नाकानं श्वास घेतलेल्या माणसाला अचानक सांगायचं, की नाक बंद, तोंडाने घे. साडीवाल्या वयनीनं तोंड पाण्यात घातलं, लगेच वर काढलं, नळी थुंकली आणि जाहीर केलं की “माका घुसमाटता.” तिला रिंग धरायला दिली. मी समोर थांबलो आणि फक्त श्वास सोडायला सांगितला. घ्यायचं आपोआप होतं, भीतीत माणूस सोडायला विसरतो. पाचेक मिनिटांनी ती खाली बघत होती आणि नळीतून कसलेसे आवाज येत होते. ती हसत होती.

काकी लहानपणी खाडीत पोहलेली. ती उतरली आणि गेलीच. नळीतून बोलता येत नाही हे तिला मान्य नव्हतं. खडकाच्या कपारीत एक मोठा गोबरा तोंड बाहेर काढून बसला होता. तो दिसल्यावर तिने डोकं वर काढून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याचा बाजारभाव सांगितला. पुढे वाम दिसली, तांबोशीची पिल्लं दिसली, प्रत्येकाची किंमत. पोपट मासे प्रवाळ खरवडतात त्याचा कुरकुर आवाज पाण्यात कान दिला तर ऐकू येतो, तो मी ऐकवला. त्यावर तिचं म्हणणं, “दात बग मेल्याचे.”

जरा पलीकडे दोन पर्यटन बोटी नांगरून उभ्या होत्या आणि त्यांचे लोक पाण्यात पाव कुस्करून टाकत होते. काळ्या पट्ट्यांचे मासे, इंग्रजीतले सार्जंट मेजर, थवा करून तुटून पडतात आणि फोटो झकास येतो. मला हा प्रकार मनापासून आवडत नाही. तेच मासे माजतात, खडकावरचं खाणं सोडून बोटीच्या आवाजाला धावतात. बोटवाल्यांना सांगून तोंड दुखलं. काकीनं ते बघितलं. “माशांका पाव? उद्या चाय पण पाजतीत.” आणि ती उलट बाजूला वळली.

त्या बाजूला आम्ही सहसा जात नाही. खडक थोडा खोल, दीड-दोन पुरुष. मी तिच्या मागे निघालो. ती पाण्यावर पालथी, स्थिर, बराच वेळ. लाइफ जॅकेट होतं, नळी वर दिसत होती, तरी इतका वेळ न हललेलं माणूस मला आवडत नाही. मी हात लावणार तेवढ्यात ती उसळून वर आली.

“माझी चप्पल!”

मी म्हटलं, चपला किनाऱ्यावर आहेत, दोरीला बांधून ठेवल्यात.

“ती न्हय रे! थंय खाली! माझी चप्पल!”

खाली बघितलं. एका मोठ्या गोल प्रवाळावर आणि बाजूच्या कपारीत जाळं अडकलं होतं. त्याचा सुटा भाग पाण्यात पडद्यासारखा हलत होता, आणि वरच्या दोरीला, जाळं तरंगतं ठेवणाऱ्या बोयांच्या जोडीने, रबरी चपलेचे कापलेले तुकडे ओवलेले होते. निळे, त्यावर पांढरी फुलं. बोया कमी पडल्या की आमच्याकडे जुन्या चपला कापून लावतात. ही जुनी नव्हती. काकीनं ती आदल्या पावसाळ्यात घराबाहेरून चोरीला गेली म्हणून शेजारच्या कुत्र्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला होता.

म्हणजे हे काकांचं गेलेलं जाळं.

मी दम धरून खाली गेलो, कॅमेऱ्याने सगळं नीट टिपलं. वर आल्यावर काकीनं पडद्यावर एकेक फोटो बोटाने मोठा करून बघितला. तिने जाळी विणलेली नाहीत, पण चाळीस वर्षं ती दारात पसरलेली बघितली आहेत. पंख्याने घेतलेलं जाळं पिळून त्याचा दोर होतो, कडा एकत्र गुंडाळलेल्या सापडतात. इथे खालची दोरी खडकाच्या शिंगाला अडकून ताणली होती आणि जाळ्याचा एकेक डोळा फाटत गेला होता. कुणीतरी वरून जोर लावून ओढलं, सुटलं नाही, शेवटी तुटलं.

“तुटलेला हा,” ती म्हणाली. “कापलेला नाय.”

मी काहीच बोललो नाही. जाळं नेमकं हद्दीच्या आत कसं, हेही विचारलं नाही. तिनेच विचारण्याआधी सांगून टाकलं, “व्हावत इला आसतला.” आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, की मलाही ते पटलं.

असं सुटलेलं जाळं मासे मारत राहतं. नायलॉन कुजत नाही. मासा अडकतो, मरतो, त्याच्या वासाला दुसरा येतो. गिलनेटमध्ये कासव अडकलं तर इथले मच्छीमार जाळं कापून सोडतात, आणि २०१८ पासून सरकार त्याची भरपाईही देतं, २५,००० रुपयांपर्यंत. पण बुडालेल्या जाळ्याला मच्छीमार नसतो, कापणार कोण? त्या दिवशी त्यात एक मोठी कुर्ली जिवंत होती, नांग्या गुरफटलेल्या. जेवढं जाळं मोकळं हलत होतं तेवढं मी कापून होडीत भरलं आणि कुर्ली सोडली. प्रवाळात रुतलेलं मात्र तसंच ठेवलं. खेचलं असतं तर जाळ्याबरोबर कवचाचा खपला आला असता. ते काम हवेची टाकी लावून, हळूहळू, परवानगीने करायचं.

काकी कुर्लीकडे बघत होती. “भरलेली होती रे.” मग स्वतःच म्हणाली, “आज गुरुवार. जावंदे.”

साडेनऊला तिनेच सांगितलं, “वारो फिरता हा.” मला अजून काही जाणवत नव्हतं. अर्ध्या वाटेवर असताना खारा वारा सुरू झाला, पाणी उसळायला लागलं आणि शेवटचा टप्पा सगळ्यांनी शिव्या देत मारला. वयनी आता परत कधी, विचारत होती.

संध्याकाळी पूजा आणि जेवण झाल्यावर काकीनं माझा फोन घेतला आणि काकांच्या पुढ्यात ठेवला. काकांनी चष्मा लावून बघितलं.

“ह्या माझा न्हय.”

“चप्पल कोणाची ती?”

“निळ्ये चपले सगळ्यांकडे आसतत.”

“फुलांचे?”

काका उठून पडवीत गेले. काकीनं मला बसवून वन खात्याला द्यायचं पत्र लिहायला लावलं. गाभा क्षेत्रातलं काही परस्पर उचलायचं नसतं, पाणबुडे नेऊन जाळं काढायला त्यांना कळवावं लागतं. मी लिहिलं: खडकाची जागा, खोली, प्रवाळाची अवस्था. “आता वाच,” ती म्हणाली, “मोठ्यान वाच.”

मी वाचलं. “सदर ठिकाणी एक बेवारस जाळे आढळून आले असून...”

“बेवारस?” पडवीतून काका गरजले. “अठरा हजार मोजलंय मी त्या जाळ्याक!”