ताईकडे जायचा व्हिसा आणि एजंटने भरलेलं 'नो'

परवा रात्री घरी आलो, पाय अजून दुखतायत आणि डोकंही अजून तापलेलंय, त्यामुळे भाषा जरा तिरकी झाली तर सांभाळून घ्या. ताई अमेरिकेत असते. आई, बाबा आणि मी असे तिघं तिच्याकडे जाणार म्हणून बी-१/बी-२, म्हणजे कामानिमित्त किंवा फिरायला जायचा अमेरिकेचा व्हिसा, काढायला गेलो होतो. बाबा ८१, आई ७४. पासपोर्ट कुठे ठेवायचा, फी कशी भरायची हे सांगत बसत नाही, ते सगळ्यांना जमतं.

पहिली फसगत बाबांच्या वयाची. "ऐंशीच्या पुढे इंटरव्ह्यू नसतो हो, कागद टाकून यायचे" असं मला निदान पाच जणांनी छातीठोकपणे सांगितलं. पूर्वी होतं तसं, ७९ च्या वरच्यांना आणि १४ च्या आतल्यांना सूट मिळायची, पण २ सप्टेंबर २०२५ पासून ती काढलीय, आता म्हाताऱ्या माणसालाही साधारणपणे स्वतः जावंच लागतं. दुसरा सल्ला, "इथे तारीख मिळत नसेल तर शेजारच्या देशात जाऊन या". तोही शिळा. त्याच महिन्यात नियम आला की ज्या देशाचे नागरिक आहात किंवा जिथे राहता तिथेच इंटरव्ह्यू द्या. तेव्हा सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, तुमचा व्हिसा कुठल्या साली झाला.

आता एजंट. सरकारी फी माणशी १८५ डॉलर, आणि या महाशयांनी जवळजवळ तेवढेच वर 'लवकर स्लॉट'चे घेतले. स्लॉट कसला लवकर, वेबसाइटवर मला जी तारीख दिसत होती तीच त्याने दिली. पैशांचं मी गिळलंही असतं पण खरा घोळ पुढे आहे. इंटरव्ह्यूच्या आधीच्या आठवड्यात मी त्याच्या मागे लागून भरलेल्या फॉर्मची पूर्ण प्रिंट मागवली, नुसतं बारकोडचं पान नाही. आई चष्मा लावून एकेक ओळीवर बोट ठेवत वाचत होती आणि एकदम थांबली. म्हणाली, "अरे, ताई माझी मैत्रीण कधी झाली?"

बघतो तर अमेरिकेतल्या ओळखीच्या माणसाच्या जागी ताईचं नाव आणि नातं 'फ्रेंड'. आणि जवळचं कोणी अमेरिकेत आहे का, याला तिघांच्याही फॉर्ममध्ये 'नो'. नवरा-बायको, मुलं, भावंडं हे सगळे त्यात धरतात, म्हणजे आई-बाबांची मुलगी आणि माझी बहीण सरळ गायब. फोन केला तर म्हणतो, "नातेवाईक दाखवले की रिजेक्ट करतात साहेब, आम्ही सगळ्यांचं असंच भरतो." म्हणजे चूकही नाही, मुद्दाम! अहो, ताईच्या स्वतःच्या कागदपत्रांत आई-बाबांची नावं आहेत, व्हिसा देणाऱ्यांना काय कळत नाही? खोटी माहिती देऊन व्हिसा मागितला असं ठरलं तर कायमची बंदी लागू शकते, आणि फॉर्म एजंटने भरला म्हणून सुटका नाही, सबमिट केला की तो तुमचाच.

तिन्ही डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचे हेच ऑनलाइन फॉर्म, रात्री बसून नव्याने भरले. वीस मिनिटं हात लावला नाही की साइट बाहेर फेकते, तेव्हा दर पानाला सेव्ह करा आणि अॅप्लिकेशन आयडी कागदावर लिहून ठेवा. पाच वर्षांतले सोशल मीडियाचे आयडी विचारतात, बाबांचे शून्य, माझेच आठवेनात. नवा फॉर्म केला की कन्फर्मेशन नंबर बदलतो, तो अपॉइंटमेंटमध्येही बदलायचा, आमच्या पुढच्या बाईंना तो जुळला नाही म्हणून दारातून परत पाठवलं. फोटोत चष्मा चालत नाही, २०१६ पासूनच.

इंटरव्ह्यूच्या दिवशीची बाहेरची रांग म्हणजे शिक्षा. उन्हात दीड तास, बसायला काही नाही, आणि मी मूर्खासारखा "आपला नंबर येईलच" म्हणत बाबांना उभं ठेवलं. शेवटी मागच्या मुलीने जाऊन गार्डला सांगितलं तर तो दोन मिनिटांत आम्हाला आत घेऊन गेला. पोचल्या पोचल्या सांगा, लाजू नका. फोन आत नेता येत नाही, बाहेर फोन सांभाळणारे तुमची गरज बघून भाव सांगतात, लॉजवर ठेवून या. ठशांच्या वेळी बाबांची बोटं उमटेचनात, ओल्या टिशूने पुसून चार वेळा केलं. वय झालं की रेषा झिजतात म्हणे.

खिडकीवर तिघं एकत्र. कोणाकडे चाललात, मुलगी काय करते, किती दिवस राहणार, आधी कुठे गेलात का. तीन मिनिटं फार झाली. बँक स्टेटमेंट, घराचे कागद, ताईचं निमंत्रणपत्र अशी चार किलोची फाइल मी छातीशी धरून उभा, खिडकीतल्या अधिकारी बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. निमंत्रणपत्र लागतच नाही मुळात. मग मला, "तुम्ही काय करता?" मी नुकतीच नोकरी सोडलीय, घरून कामं घेतो, लग्न नाही, आणि हे सगळं मी अडखळत अर्धवट सांगितलं. आई-बाबांचे पासपोर्ट ठेवून घेतले, माझा परत, सोबत २१४(बी) चा, म्हणजे त्या कलमाखाली व्हिसा नाकारल्याचा कागद.

बाबा काचेकडे बघूनच म्हणाले, "मग आम्हाला नेणार कोण?"

तर हे कोणी सांगत नाही की एकत्र गेलात तरी निकाल वेगवेगळा लागू शकतो. कायदा धरूनच चालतो की येणारा परत जाणार नाही, परत येण्याचं कारण तुम्ही पटवायचं. अपील नाही. पुन्हा अर्ज कधीही करता येतो, पण नवा फॉर्म, नवी फी, आणि परिस्थिती तीच तर उत्तरही बहुतेक तेच, म्हणून मी इतक्यात जात नाही. माझ्यासारखं काम असेल तर दोन वाक्यांत सांगायची घरी तालीम करा, मी केली नव्हती.

आता दोघंच जाणार. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागितलीय, एअरलाइनला आधी कळवलं की मिळते. तिथे किती दिवस राहायचं ते व्हिसावर नसतं, उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो आणि आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीवर, तारीख येते, ती ताईला त्याच दिवशी बघायला सांगितलंय. एजंटकडे पैसे मागितले, तो म्हणतो दोन व्हिसा झाले की. मी भरलेल्या फॉर्मवर झाले ना!