खिसे

सकाळपासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय. ‘खिसे बघितले नाहीस का?’ आधी ह्यांनी विचारलं, मग सासूबाईंनी, मग दात घासता घासता चिरंजीवांनीही. पेन कुणाचं, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

मशीनमधल्या कपडे पिळायच्या ड्रायरचं झाकण उघडलं तर आत सगळं निळं. टबच्या पांढऱ्या भिंतीवर तिरके फराटे, एकेका भोकाच्या कडेला साचलेली शाई, कपड्यांवर दाबायच्या जाळीवर शिंतोडे. तळाशी टोपण नसलेलं, कुठूनतरी फुकट मिळालेलं बॉलपेन. मिनिटाला हजारावर गरके बसल्यावर रिफिलमध्ये राहतंय काय? पाणी जातं त्याच भोकांतून शाईही बाहेर गेली. उशांचे अभ्रे आणि नवा टॉवेल कामातून गेले. त्याचं एवढं नाही. आमच्या सोलापूरची सिद्धेश्वरांची जत्रा तोंडावर आली आहे. ह्यांची बाराबंदी, जत्रेत घालायचा बंदांचा पांढरा अंगरखा, धुवायला काढून ठेवली होती, ती त्या खेपेला मशीनमध्ये नव्हती हे नशीब. मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजांमागे पांढऱ्याशुभ्र गर्दीत हे एकटे निळे ठिपकेवाले!

ही शाई तेलकट, नुसत्या पाण्याला दाद देत नाही. सासूबाई म्हणाल्या, दूध लाव. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, नेलपॉलिश काढायचं लाव. त्यानं प्लॅस्टिकच खराब व्हायचं, म्हणून ते राहू दिलं. 2020 सालचा सॅनिटायझरचा कॅन माळ्यावर अजून होता, आमच्या भीतीची शिल्लक. आधी प्लग काढला, खिडकी उघडली, कारण त्यात स्पिरिट, ठिणगी नको. कापसाचा बोळा भिजवून डागावर थोडा वेळ दाबून धरला की शाई सुटते. घासत सुटलं की पसरते. बोळा निळा झाला की फेकायचा, नवा घ्यायचा. भोकांच्या कडांना कान साफ करायच्या काड्या. हे सगळं वाकून, टबात डोकं घालून. त्या वासानं डोळ्यांना पाणी आलं. वासानंच आलं असं समजू.

वहिनींना वाटलं, वरून ब्लीच टाकलं की चकाचक. स्पिरिट आणि ब्लीच एकत्र करू नये, विषारी वायू होतो. तेवढं त्यांना सांगितलं. बाकी काही बोलायची इच्छा नव्हती.

खिसे बघायचं काम माझ्याकडे कधी आलं? लग्नात तसं काही ठरलं नव्हतं. वर्षानुवर्षं बघितलेही. सुट्टे पैसे, एस.टी.ची तिकिटं, सुपारीचं खांड, चिरंजीवांचे कसले कसले स्क्रू. मग मागच्या पावसाळ्यात ह्यांच्या पॅंटच्या खिशात ती लॅबची पावती सापडली. आम्हाला कुणालाच न सांगता केलेल्या तपासणीची. आता सगळं ठीक आहे म्हणतात. त्यानंतर मी कुणाच्याही खिशात हात घातला नाही. ठरवून नाही घातला. हे घरात कुणाला माहीत नाही, आणि आज सांगायचं होतं तर तिघंही आपापल्या कामाला निघून गेले.

ताईला फोन केला. तिच्याकडे पुण्यात गरम हवेचा ड्रायर आहे. ती म्हणाली, तुझं बरंय, आमच्यात डाग तापून कपड्यात पक्काच बसतो. तुझं बरंय! इथं मे महिन्यात गच्चीवर चादर टाकली की खाली येऊन चहा होईतो कडक होते. गरम हवा आम्हाला विकत घ्यावी लागत नाही, एवढं बरं आहे खरं. हसू आलं मला.

दुपारी टब साबणाच्या पाण्यानं पुसला, वास जाईपर्यंत झाकण उघडं ठेवलं, मग जुनी पांढरी फडकी ओली करून फिरवली. पहिल्या खेपेला फिकट निळी, मग स्वच्छ. पण बाहेरच्या टबात हात जात नाही. तिथं काय बसलंय देव जाणे. पाणीही जपून वापरावं लागलं, नळ उद्या.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं, बाराबंदी मशीनमध्ये घालायची नाही, आणि ती तुम्ही धुवायची, बादलीत. पावतीचं बोलायचं होतं, ते राहिलंच. हे बराच वेळ बादलीकडे बघत उभे होते.

‘पावडर किती टाकायची?’

‘अंदाजानं,’ म्हटलं. ‘आणि आज नको, उद्या पाणी आल्यावर.’