आईचा बिस्किटांचा डबा आणि मालकाचा दावा

गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या, आजोबांनी पागडीवर, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या. जुन्या मालकांशी कधी वाजलं नाही, पण ते गेले आणि मुलाने भाडं घेणंच बंद केलं. आई पैसे घेऊन गेली की म्हणायचा, राहू द्या काकू, बघू पुढच्या महिन्यात. आम्हाला तो चांगुलपणा वाटला. वरच्या मजल्यावरचे काका मात्र आईला म्हणाले, वहिनी, उद्याच्या उद्या मनिऑर्डर करा, हा तुम्हाला थकबाकीदार ठरवणार.

तेव्हापासून आई दर महिन्याला मनिऑर्डर करायची आणि ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत यायची. ते सगळे कागद तिने बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले.

मग आली वकिलाची नोटीस, भाडं थकलंय म्हणून. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम १५ आहे, नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस गेल्याशिवाय थकबाकीसाठी दावा लावता येत नाही, आणि दावा लागलाच तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के व्याजाने, खर्चासकट कोर्टात भरली आणि पुढचं भाडं भरत राहिलं तर त्या कारणावरून घर जात नाही. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, मनिऑर्डरी आहेत तरी पैसे भरून टाका, चान्स घेऊ नका. भरले.

दाव्यात दुसरं कारण होतं, मालकाला त्याच्या मुलाच्या लग्नासाठी जागा हवी. ही गरज खरी असू शकते, आणि आमच्या भाड्यात चाळीची कौलंसुद्धा बदलून होत नाहीत हे मलाही दिसतं. पण उलटतपासणीत कळलं की तिसऱ्या मजल्यावरची खोली कितीतरी वर्षं कुलूप लावून पडलीये. घराबाहेर काढल्याने जास्त हाल कोणाचे होणार हेही कोर्टाला बघावं लागतं. आईला साक्षीला उभं केलं तेव्हा तिचे हात थरथरत होते, तरी एकेक कागद तिने महिन्यावार लावून दिला, मला तिचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

धोबीतलावच्या लघुवाद कोर्टाने दावा फेटाळला. मालक अपिलात गेलाय, ते त्याच कोर्टातल्या दोन जजसमोर चालतं. भाडं आम्ही अजून कोर्टातच भरतो, पावती आली की आई तारीख बघते आणि डब्यात ठेवते.